यंत्राच्या तोंडाला कुंकू

चंपाबाई कुदळ्यांचा यंत्रांवर भारी जीव. माणसांवर होता त्यापेक्षा थोडा जास्तच, असं त्यांचे यजमान गेनबा हयात असताना चारचौघांत म्हणायचे आणि चंपाबाई ते नाकारायच्या नाहीत. "यंत्र उलटून बोलत नाही," एवढंच म्हणायच्या. मिक्सर तापला तर त्याला पदरानं वारा घालायच्या. खाली पाण्याचा पंप कुणी दणकन सुरू केला की या तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून ओरडायच्या. कसबा पेठेतल्या त्या इमारतीत त्यांना सगळे थोडं वचकून असायचे, पण कुकरची शिट्टी बिघडली की पहिल्यांदा त्यांचंच दार वाजायचं.

हा जीव जडला तो कारखान्यात. मुंढव्याच्या बाजूला रेडिओचे सुटे भाग करणारा एक कारखाना होता. तिथं केसासारखी बारीक तांब्याची तार रिळावर गुंडाळायचं काम बायकांकडे असायचं. लग्नानंतर लगेच चंपाबाई त्या कामाला लागल्या आणि कारखाना चालू होता तोवर तार गुंडाळत राहिल्या. खंडेनवमीला तिथली यंत्रं थांबायची. बाया ती पुसून लख्ख करायच्या, झेंडूच्या माळा घालायच्या, कुंकू लावायच्या, अक्षता वाहायच्या. मग घरची मंडळी आत यायची आणि पोरं 'आमच्या आईचं मशीन' एकमेकांना दाखवायची. कुंकू कुठं लावायचं याचा चंपाबाईंचा स्वतःचा नेम होता. बाकीच्या बाया हात पोचेल तिथं बोट टेकवायच्या. चंपाबाई यंत्राच्या तोंडाला लावायच्या, म्हणजे जिथून तार आत जाते तिथं. खाणाऱ्याच्या पाठीला कुंकू लावून काय उपयोग, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि त्यावर त्यांच्याशी वाद घालायची कुणाची टाप नव्हती.

पुढं बाजार खुला झाला, बाहेरचा स्वस्त माल आला आणि कारखान्याला कुलूप लागलं. पण तेसुद्धा रीतसर. नोटिसा लागल्या, गेटवर सभा झाल्या, युनियनचे लोक मुंबईला जाऊन आले, बायकांनी घोषणा दिल्या, साहेब लोकांनी चहा पाजला. मधल्या काळात दोन पावसाळे उलटले. त्याआधी एकदा शेजारच्या यंत्रावर बसणाऱ्या कांताबाईनं भांडणात सुपरवायझरच्या अंगावर अख्खा कप चहा ओतला होता. तिला मेमो मिळाला, तिनं उत्तर दिलं, चौकशी बसली, साक्षी झाल्या, चौकशी करणारे साहेबच बदलून गेले, आणि कांताबाई शेवटी शाल-श्रीफळ घेऊन निवृत्त झाली. तिला निरोप द्यायला तोच सुपरवायझर उभा राहून चांगलं बोलला. तक्रार, मेमो, चौकशी हे सगळं चंपाबाईंनी असं जवळून बघितलं होतं. कुणाविरुद्ध तक्रार झाली म्हणजे कागद फिरायला लागतात, आणि कागद फिरत असतात तोवर माणूस आपल्या जागी असतो, अशी त्यांची पक्की समजूत होती.

अमेरिकेतल्या बँका कोसळल्या त्या वर्षीची खंडेनवमी. एकुलता एक मुलगा अभय हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. त्या दिवशी त्यानं घरूनच काम करायचं ठरवलं होतं.

"सणाचं कसलं रे काम?" चंपाबाईंनी विचारलं.

"आई, अमेरिकेत खंडेनवमी नसते."

"म्हणूनच बँका बुडाल्या," चंपाबाई म्हणाल्या आणि पूजेच्या तयारीला लागल्या.

अभय चक्का आणायला डेअरीच्या रांगेत जाऊन उभा राहिला, तेवढ्यात त्यांनी पूजा उरकली. शिलाई मशीन, मिक्सर, गेनबांचा पाना-पक्कडीचा डबा, खाली जाऊन अभयची मोटारसायकल. सगळ्यांत मोठा मान अर्थातच लॅपटॉपचा, कारण आता घर त्याच्यावर चालत होतं. त्याला मऊ फडक्यानं पुसून पाटावर ठेवला आणि त्याचं तोंड शोधलं. घरात इंटरनेट यायचं ते वायरीतून. केबलवाल्यानं गच्च्यागच्च्यांवरून ओढलेली वायर खिडकीतून आत यायची आणि तिचं टोक लॅपटॉपच्या कडेच्या चौकोनी भोकात खटकन बसायचं. चंपाबाईंच्या हिशेबी तेच तोंड. करंगळीवर ओलं कुंकू घेऊन त्यांनी ते नीट आतल्या ओठाला टेकवलं, वरून अक्षता वाहिल्या, झेंडूचं फूल ठेवलं आणि डोळे मिटून हात जोडले. अभय आला, हसला, त्यानंही नमस्कार केला आणि झाकणावरची हळद रुमालानं टिपून घेतली.

दुपारी त्यानं वायर जोडली आणि पडद्याच्या कोपऱ्यात लाल फुली आली. केबल जोडलेली नाही, असं लॅपटॉप सांगत होता.

"अरे जोडलीये की!" अभय लॅपटॉपवर खेकसला.

मग सुरू झाला तो प्रकार चंपाबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यानं वायर काढली, घातली, दाबून धरली. लॅपटॉप बंद केला, चालू केला. कसल्या कसल्या खिडक्या उघडून आकडे बदलले, परत पहिले होते तसे केले. ऑफिसातल्या कुणाला फोन लावला. तो सांगेल तसं टाईप करत गेला आणि दर वेळी "नाही, तेच येतंय" म्हणत राहिला. संध्याकाळी अमेरिकेच्या लोकांना त्याला नवं काम दाखवायचं होतं. त्या दिवसांत ऑफिसात सगळेच दबकून वागत होते, तोही वागत होता. शेवटी त्यानं केबलवाल्याला फोन केला आणि माणूस पाठवा म्हणून जवळजवळ ओरडला.

आला तो सुखदेव. यवतमाळकडचा, उंच, हाडकुळा, खांद्याला वायरचं वेटोळं आणि तोंडाला अखंड बडबड. कुदळ्यांची लाईन त्यानंच टाकली होती. आला की आधी "आई, पानी द्या" म्हणायचा, आणि जाताना वायरचे तुकडे तिथंच टाकून जायचा म्हणून चंपाबाई त्याला बोलायच्या. पण त्यांना तो आवडायचा. त्यानं आपली टेस्टरची डबी वायरीला लावली. डबीवरचे दिवे एकेक करून लागत गेले.

"वायर चांगली हाये साहेब. तुमच्या लॅपटॉपमंदीच काई असन."

"लॅपटॉप नवा आहे. कंपनीचा आहे. काल रात्रीपर्यंत चालत होता."

"वायर बी काल रात्रीलोक चालतच होती," सुखदेव म्हणाला.

हे त्यानं म्हणायला नको होतं. अभयचा चेहरा बदलला. सुखदेवच्याही ते लक्षात आलं. मग तो मुकाट्यानं गच्चीवर गेला, आला, जुनं टोक कापून नवीन बसवलं. फुली तशीच. मग त्यानं गच्चीवरून अख्खी नवी वायर ओढली. घामानं त्याचा शर्ट पाठीला चिकटला. फुली तशीच. त्याची बडबड केव्हाच थांबली होती. अभयनं केबलच्या ऑफिसचा नंबर शोधायला फोन हातात घेतला, तेव्हा सुखदेव एकदम खालच्या आवाजात बोलला.

"साहेब, कंप्लेंट नका करू. माह्यावर दोन झाल्या हायेत. तिसरी झाली त काढून टाकते. मी उद्या मोठ्या टेक्निशनले घेऊन येतो."

"उद्या घेऊन काय करू? माझं आज आहे."

चंपाबाई स्वयंपाकघरात चक्का फेटत होत्या. तिथून त्यांना सगळं ऐकू येत होतं. अभयनं फोन लावला आणि अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत सांगितलं की तुमच्या माणसाला काही येत नाही, उलट उत्तरं देतो आणि चूक माझ्या लॅपटॉपवर ढकलतो. मग लॅपटॉप सॅकमध्ये टाकून तो मित्राकडे, कोथरूडला, सुसाट निघून गेला. तिथं मित्राच्या कॉम्प्युटरवरून त्यानं कसंबसं काम दाखवलं, उशीर झाला म्हणून बोलणी खाल्ली आणि तोंड पाडून परत आला.

तो गेल्यावर सुखदेव खाली बसून आपली पकड, डबी, वायर फाटक्या बंदाच्या पिशवीत भरत होता. या वेळी त्यानं जमिनीवरचे तुकडे एकूणएक उचलले. चंपाबाईंनी त्याला चहा दिला.

"घाबरू नको रे," त्या म्हणाल्या. "नुसती तक्रारच आहे ना? लेखी मागतील, लेखी दे. आमच्या कांताबाईनं तर चहा ओतला होता साहेबाच्या अंगावर."

सुखदेवनं त्यांच्याकडे असं बघितलं, जसं लहान मुलाकडे बघतात. चहा अर्धाच पिऊन तो निघून गेला.

दसऱ्याला सकाळी चंपाबाई पूजा उतरवायला बसल्या. वाहिलेल्या अक्षता पायाखाली येऊ नयेत म्हणून त्या दरवर्षी दाणा न् दाणा वेचायच्या. लॅपटॉपच्या फटींतून हात फिरवला, मग डोक्यातला आकडा काढून त्या चौकोनी भोकात हळूच घातला. ओल्या कुंकवात भिजून, वाळून घट्ट बसलेला तांदळाचा एक दाणा बाहेर आला. पाठोपाठ लाल पापुद्रा निघाला. त्यांना काही कळलं नाही. पण दाणा तळहातावर ठेवून त्यांनी हाक मारली.

"अभय, जरा इकडं ये. ती वायर लाव बघू."

अभय दात घासता घासता आला, त्यानं वायर लावली. खट्. काल हा आवाज झालाच नव्हता, हे त्या क्षणी दोघांच्याही लक्षात आलं. वायरीपाशी हिरवा दिवा लुकलुकायला लागला. फुली गेली.

अभय खो खो हसायला लागला. "आई! तू अख्ख्या नेटवर्कला कुंकू लावलंस! ऑफिसात सांगितलं तर लोक मरतील हसून."

चंपाबाईंना हसू आलं नाही. आपल्या हातून, देवाच्या नावानं, यंत्राचं तोंड बंद झालं होतं. ज्या बाईनं सगळी हयात यंत्राला जपलं तिनंच ते बुजवलं होतं. आणि त्या पोरावर खापर फुटलं होतं.

"त्या केबलवाल्याला फोन कर. आत्ता. सांग, चूक आमची होती."

"करतो गं, आंघोळ झाली की."

"आत्ता."

अभयनं फोन केला. सुरुवातीला हसत बोलत होता, मग नुसतंच "अच्छा… अच्छा" म्हणत होता. फोन ठेवून त्यानं टॉवेल खांद्यावर टाकला.

"त्याला काढला कालच."

"काढला म्हणजे?"

"काढला म्हणजे काढला. पिशवी, टेस्टर जमा करून घेतलं संध्याकाळीच."

"अरे, पण मेमो? चौकशी? त्याचं म्हणणं कुणी ऐकलं की नाही?"

"आई, आता तसं नसतं."

"मग कसं असतं?"

अभयला हा प्रश्न कुणी कधी विचारला नसावा. "सोपं असतं," तो जरा चाचरत म्हणाला. "कंप्लेंट आली, तिसरी आली, की सिस्टिममधून नाव उडतं."

चंपाबाईंनी हातातला वाळका दाणा पाटावर ठेवला. त्यांना वाटलं होतं, आपल्या मुलानं फोनवर राग काढला. मुलानं एका माणसाची नोकरी घालवली होती आणि सुखदेवनं आधी सांगूनही दोघांनी ते खरं मानलं नव्हतं. चहा निवायच्या आत हे झालं होतं. मग एकाएकी त्यांच्या मनात दुसरंच काहीतरी आलं.

"आणि तुझं? तुला काढायचं म्हटलं तर?"

अभय हसणार होता, पण हसला नाही. "आमच्याकडं कार्ड बंद करतात. सकाळी गेटवर कार्ड दाखवलं आणि दार उघडलं नाही की समजायचं. गेल्या आठवड्यात तिघांचं उघडलं नाही."

सगळ्या आळीत ज्या नोकरीचं कौतुक चंपाबाई सांगत फिरायच्या, ती एका न उघडणाऱ्या दारावर टांगलेली होती, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्यांना मुलाची भीतीच वाटली, आणि मुलासाठीही वाटली. पण आधी सुखदेव होता. त्यांनी पायांत चपला घातल्या आणि अभयला गाडी काढायला सांगितली.

केबलवाल्याचं ऑफिस शनिवार पेठेत होतं. दाराला तोरण, टेबलावर कॉम्प्युटर, कॉम्प्युटरला झेंडूचा हार. खुर्चीवर सृष्टी नावाची एक मुलगी होती. चंपाबाईंनी तिला उभ्याउभ्याच सगळं सांगितलं: कुंकू, अक्षता, भोक, आकडा. मुलगी ऐकत होती, पण नजर पडद्यावर.

"काकू, तो आमचा माणूसच नव्हता. कॉन्ट्रॅक्टरचा होता."

"मग मी तक्रार मागे घेते."

"मागे घ्यायची सोय नाहीये. बंद झाली ती तक्रार. इथं 'सुटली' असं दिसतंय."

"सुटली? कशी सुटली?"

"माणूस बदलला ना. म्हणजे सुटली."

भांडणाला चंपाबाई कमी नव्हत्या, पण भांडायचं कुणाशी? मुलगी वाईट नव्हती. तिनं आपणहून कॉन्ट्रॅक्टरला फोन लावून दिला. पलीकडचा माणूसही सभ्यच बोलला. सणाच्या शुभेच्छा दिल्या. म्हणाला, "आजी, प्रत्येक वेळी चूक कुणाची ते बघत बसलो तर धंदा कधी करू? त्याच्या जागी नवा मुलगा आलासुद्धा. तुमचा प्रॉब्लेम सुटला ना? मग झालं तर." तेवढ्यात दारातून एक मुलगा आत आला. त्याच्या खांद्याला सुखदेवची पिशवी होती. फाटका बंद चंपाबाईंनी ओळखला. त्या सटकन बाहेर पडल्या.

सृष्टीनं पत्ता दिला होता. दांडेकर पुलापाशी, ओढ्याकडेच्या चाळीत एक खोली. सुखदेव दारातच बसला होता. या दोघांना बघून तो गडबडून उभा राहिला आणि सवयीनं म्हणाला, "साहेब, परत गेलं का नेट?"

चंपाबाईंनी त्याला सांगितलं. आडपडदा न ठेवता सांगितलं. मी कुंकू लावलं, मी अक्षता टाकल्या, दाणा आत अडकला, तुझी वायर बसणारच नव्हती. तो चिडेल, शिव्या देईल, अशी त्यांनी मनाची तयारी केली होती. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सुखदेवचा चेहरा एकदम उजळला. "म्हंजे माही वायर बराबर होती?"

"बरोबर होती रे."

"टेस्टर बी बराबर होता?"

"होता."

त्यानं आत वळून हाक मारली. "ऐकलं का व? सांगून रायलो होतो ना मी तुले! वायर चांगली होती म्हून! रातभर डोस्कं फिरलं माहं, का कुठं चुकलो म्हून."

आतून त्याची बायको आली. कोवळी पोरगी, अंगावर सणाची साडी, हात पिठानं भरलेले. तिनं आळीपाळीनं तिघांकडे पाहिलं. तिला सगळी गोष्ट नको होती. तिनं चंपाबाईंना एकच विचारलं.

"मंग आता घेतीन ना त्याईले कामावर?"

सुखदेवचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं होतं. तोही चंपाबाईंकडे बघायला लागला. अभय मान खाली घालून जोडे बघत होता. खोटं बोलावं, असं चंपाबाईंच्या मनात येऊन गेलं. बघू, करू काहीतरी, सांगते मी त्यांना. पण ज्यांना सांगायचं त्यांना त्या सांगून आल्या होत्या.

"नाही गं बाई," त्या म्हणाल्या. "नाही घेत."

"बरं," ती पोरगी म्हणाली.

ती आत गेली. चंपाबाईंना वाटलं, आता दार लावून घेईल. ती हात धुऊन परत आली ती मुठीत आपट्याची पानं घेऊन. दसऱ्याच्या दिवशी वडीलधारं माणूस दारात आलं होतं, त्याला सोनं दिल्याशिवाय कसं पाठवायचं? तिनं पानं चंपाबाईंच्या हातात ठेवली आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

अशा वेळी म्हणायचे शब्द ठरलेले असतात. सोन्यासारखी राहा. दर दसऱ्याला पायाशी वाकलेल्या प्रत्येकाला चंपाबाई ते न विचार करता म्हणत आल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी तोंड उघडलं, पण शब्द काही निघाले नाहीत. ती पोरगी वाकलेलीच होती, वाट बघत.